डॉक्टर हू: घरच्यांनी पुसलं, परक्यांच्या माळ्यावर सापडलं

निळीपेटी
मंडळी, 'डॉक्टर हू'वर आधी धागा आहे का ते शोधलं. 'नवा डॉक्टर कसा वाटला' छापाचे एकदोन मिळाले, म्हणून हा वेगळा काढतोय. जिलबी (उगाच पाडलेला धागा) वाटली तर तसं सांगा.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: बीबीसीची विज्ञानकथा मालिका. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ला, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी लागला. बातम्यांच्या गदारोळात तो कित्येकांचा हुकला, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पुन्हा दाखवला. डॉक्टर नावाचा परग्रहवासी निळ्या पोलीसपेटीतून (पोलिसांना फोन करायला रस्त्यावर असायची तसल्या खोक्यातून) काळात आणि अवकाशात भटकतो. नट बदलायची वेळ आली की डॉक्टर नवं रूप घेतो, त्यामुळे मालिकेला मरण नाही. १९८९मध्ये थांबली, २००५मध्ये परत आली.

आता मुद्दा. पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले. २०१३च्या सुरुवातीला त्यातले १०६ गायब होते. त्या वर्षी नऊ सापडले आणि आकडा ९७वर आला. सापडले कुठे? नायजेरियात. त्याआधी हाँगकाँग, सायप्रस, न्यूझीलंड. लंडनमध्ये तयार झालेला माल लंडनमध्ये नाही आणि हजारो मैलांवरच्या गोदामात आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो: ही मालिका बीबीसीने जपली नाही, तिच्या परदेशी विक्रीने जपली. पटतंय का?

तिरशिंगराव
शंभर टक्के पटतंय. साहेबाने जगभरातल्या मूर्ती, हिरे, पोथ्या काचेच्या कपाटात नीट लावून ठेवल्या आणि स्वतःच्या घरचा ऐवज रद्दीत घातला.

मंजुळा
तिरशिंगराव, पहिल्याच प्रतिसादात कोहिनूर! आज दहा मिनिटंही थांबला नाहीत. :)

रीळवाला
मी निवृत्त माणूस, पण उमेदीची वर्षं एका संस्थेच्या टेप लायब्ररीत काढली. म्हणून थोडं सविस्तर लिहितो. लांबण लागली तर पुढे सरका.

त्या काळी कार्यक्रम दोन इंची व्हिडिओ टेपवर मुद्रित व्हायचे. टेप महाग, आणि तिचा मोठा गुण म्हणजे पुसून पुन्हा वापरता यायची. घरोघरी व्हिडिओ नव्हते. कलाकारांच्या संघटनेशी करार असा की एखादा कार्यक्रम ठरावीक मुदतीत ठरावीक वेळाच पुन्हा दाखवायचा, पुढे नव्याने पैसे मोजायचे. त्यात १९७०पासून मालिका रंगीत झाली. मग जुन्या कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक कोण? टेप अडवून ठेवणं म्हणजे जागा आणि पैसा दोन्ही वाया, असा सरळ हिशेब.

आता परदेशाचं. तिकडे टेप पाठवून उपयोग नव्हता. प्रत्येक देशाची यंत्रणा वेगळी, अनेक ठिकाणी टेपचं यंत्रच नाही. पण सोळा मिलिमीटरची फिल्म दाखवायची सोय सगळीकडे होती. म्हणून सपाट पडद्याच्या मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून टेपचं चित्रण करायचे आणि त्या फिल्मच्या प्रती बीबीसी एंटरप्रायझेस हा विक्रीविभाग देशोदेशी विकायचा. आज जे साठच्या दशकातले भाग आपण पाहतो ते जवळपास सगळे या फिल्मवरून आलेत. मूळ टेपा गेल्या.

खरी गंमत पुढे. अभियांत्रिकी विभागाने टेपा पुसल्या, कारण विक्रीविभागाकडे फिल्म आहे. विक्रीविभागाने सत्तरच्या दशकात हक्क संपलेल्या फिल्म टाकून दिल्या, कारण मूळ प्रत ठेवणं हे आपलं काम नव्हे. ऑफिसात काम केलेल्या कुणालाही हे नवीन नाही. १९७८च्या सुमारास हा प्रकार थांबला आणि काय ठेवायचं ते ठरवायला स्वतंत्र व्यक्ती नेमली गेली.

आमच्याकडेही हेच पाहिलंय. यूमॅटिक कॅसेटवरचं जुनं लेबल ब्लेडने खरवडायचं, राहिलेला गोंद रॉकेलच्या बोळ्याने पुसायचा आणि वर नवं लेबल. एकेका कॅसेटच्या पाठीवर लेबलांचे चार-चार थर. खालचं वाचायला गेलं की एखाद्या मुलाखतीचं नाव अर्धवट दिसायचं. तो माणूस तोवर वारलेला असायचा. कुणी दुष्ट नव्हतं हो. संध्याकाळच्या मुद्रणाला कॅसेट लागायची.

शेवटचा बाक
प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली आहे.

ऑकलंडकर
रीळवाला काका, सलाम. आता आमच्या गावचं सांगतो.

ही मालिका ब्रिटनबाहेर सगळ्यात आधी न्यूझीलंडने दाखवली, सप्टेंबर १९६४मध्ये, आणि सुरुवात क्राइस्टचर्चपासून. ऑकलंड, वेलिंग्टन, डनेडिनला तोच भाग नंतर. कारण इथे चार शहरांत चार केंद्रं होती आणि ती एकमेकांना जोडलेलीच नव्हती. एका केंद्राने फिल्म दाखवायची, डब्यात घालून पुढच्याला पाठवायची. म्हणजे ऑकलंडच्या माणसाने क्राइस्टचर्चच्या मेव्हण्याला ट्रंककॉल लावला तर पुढची गोष्ट आधीच कळायची.

केंद्रं न जोडल्याची गोष्ट इथले म्हातारे अजून रंगवून सांगतात. जुलै १९६९, माणूस चंद्रावर उतरला, पण न्यूझीलंडला थेट चित्र मिळायची सोय नाही. मुद्रण सिडनीहून हवाई दलाच्या कॅनबेरा विमानाने वेलिंग्टनला आणलं आणि तेव्हा लोकांनी पाहिलं. देशभर एकत्र प्रक्षेपण त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालं.

१९९९चा किस्साही इथलाच. धर्मयुद्धांवरच्या 'द क्रुसेड' कथेचा पहिला भाग एका फिल्म जमवणाऱ्याकडे निघाला. कचऱ्यात गेलेल्या रिळांतून वाचलेली ती प्रत हातोहाती फिरत त्याच्यापर्यंत आली होती आणि आपल्याकडे काय आहे ते त्यालाही धड ठाऊक नव्हतं.

गोंधळी
म्हणजे स्पॉयलरचा शोध न्यूझीलंडच्या मेव्हण्याने लावला. हसून हसून पुरेवाट.

मंजुळा
धागाकर्त्याने दिलेली यादी पुन्हा वाचली. नायजेरिया, हाँगकाँग, सायप्रस, न्यूझीलंड. सगळीकडे कधी ना कधी युनियन जॅक होता. त्यामुळे 'परदेश' म्हणताना जरा जपून. हे जुन्या साम्राज्याचं गिऱ्हाईक होतं. टीव्ही केंद्र काढायला ब्रिटिश तंत्रज्ञ, चालवायला ब्रिटिश पद्धत, मग दाखवायला ब्रिटिश कार्यक्रम. स्वस्तात मिळतो, इंग्रजीत आहे, लावा.

तिरशिंगराव
बघा! मी म्हटलं तर कोहिनूर, मंजुळाताई म्हणाल्या तर विश्लेषण.

मंजुळा
मी उदाहरणं दिली, तुम्ही हिरा दिलात.

मेलबर्नची मावशी
ऑस्ट्रेलियाचा नंबर येऊ द्या की. आमची कथा सगळ्यात विचित्र आहे.

इथे एबीसी या सरकारी वाहिनीने मालिका १९६४लाच आणायची ठरवली होती, पण सेन्सॉरने सुरुवातीच्या भागांना 'प्रौढांसाठी' शेरा मारला. मुलांच्या वेळेत दाखवता येईना, म्हणून जानेवारी १९६५ उजाडला. पुढेही सेन्सॉर बोर्ड प्रत्येक कथा बघायचं आणि मुलं घाबरतील असे तुकडे कापायला लावायचं. कुणाचा गळा आवळतायत, कुणी किंचाळतंय, राक्षसाची नांगी जरा जास्तच जवळ आली, की कात्री.

कापलेले तुकडे टाकून दिले नाहीत. कापल्याचा पुरावा म्हणून सरकारी फायलींबरोबर जपून ठेवले. भाग परत गेले, नष्ट झाले, ब्रिटनमधल्या प्रती नष्ट झाल्या. १९९६मध्ये इथल्या चाहत्यांनी राष्ट्रीय अभिलेखागारात शोध घेतला तेव्हा ते तुकडे जसेच्या तसे मिळाले. 'द मॅक्रा टेरर', 'फ्युरी फ्रॉम द डीप', 'द हायलँडर्स' या कथांचा एकही पूर्ण भाग आज नाही. आहेत ते हे काही सेकंदांचे तुकडे.

म्हणजे काय झालं बघा. सेन्सॉरने ठरवलं की हे कुणीही पाहू नये, आणि जगात नेमकं तेवढंच पाहायला उरलं. 'फ्युरी फ्रॉम द डीप'मध्ये दोन माणसं एका बाईच्या खोलीत शिरतात, तोंडं उघडतात आणि आतून विषारी वायू सोडतात. ते दृश्य आहे. त्याच भागातली निरुपद्रवी बडबड, चालणं, चहापाणी, सगळं गेलं.

गोंधळी
आमच्या चाळीत व्हीसीआर आणला की एक काका 'तसलं' दृश्य आलं की समोर उभे राहायचे. ऑस्ट्रेलियन सेन्सॉर बोर्डात शोभले असते.

चौकस चिंतू
एक शंका. ९७ भाग नाहीत म्हणता, पण मी यूट्यूबवर हरवलेल्या भागांचे ॲनिमेशन पाहिलेत, संवाद तर मूळ नटांच्याच आवाजात. ते कुठून आले?

रीळवाला
चिंतू, चांगला प्रश्न. चित्र गेलं, आवाज राहिला. एकूण एक हरवलेल्या भागाचा आवाज उपलब्ध आहे, कारण त्या वेळी काही पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून मालिका मुद्रित केली होती. एकट्या कुणाकडे सगळं नव्हतं, एकमेकांचं जुळवून संच पूर्ण झाला. शिवाय जॉन क्युरा नावाचे गृहस्थ टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून कलाकार-दिग्दर्शकांना विकायचा व्यवसाय करायचे. त्यांच्या फोटोंमुळे बऱ्याच कथांमध्ये कोण कुठे उभं होतं तेही कळतं. ॲनिमेशनवाले या दोन्हींच्या आधाराने काम करतात.

अवंती_टोरंटो
कॅनडाकडे कुणाचं लक्षच नाही. मुळात ही मालिका बीबीसीत ज्याच्या डोक्यातून निघाली तो नाट्यविभागप्रमुख सिडनी न्यूमन आमचा, टोरंटोचा. आणि आमच्या सीबीसी या सरकारी वाहिनीने काय केलं? १९६५ला पहिले २६ भाग दाखवले आणि बंद. घरकी मुर्गी म्हणायची सोय नाही, मुर्गी लंडनला गेली होती.

पुढे १९७६पासून टीव्हीओंटारियो या शैक्षणिक वाहिनीने मालिका घेतली. शैक्षणिक वाहिनी म्हणजे नुसती करमणूक कशी दाखवणार? म्हणून काही वर्षं भाग संपला की विज्ञानकथालेखिका ज्युडिथ मेरिल पडद्यावर येऊन त्यातल्या विज्ञानाबद्दल, इतिहासाबद्दल दोन शब्द बोलायच्या. त्यांना 'अनडॉक्टर' म्हणत. म्हणजे आधी राक्षस, मग बौद्धिक.

आणि काका, रंगीत भागांचं राहिलं. तिसऱ्या डॉक्टरच्या, जॉन पर्टवीच्या काळातल्या काही रंगीत टेपाही पुसल्या गेल्या होत्या आणि बीबीसीकडे त्यांच्या कृष्णधवल फिल्म उरल्या होत्या. त्यातल्या काहींचे रंग उत्तर अमेरिकेतून परत आले, कारण इकडे रंगीत टेपाच पाठवल्या होत्या. एका कथेसाठी तर कुणीतरी अमेरिकेत घरी केलेलं रेकॉर्डिंग वापरलं. रंग त्यातून घेतला, रेखीवपणा फिल्ममधून, आणि दोन्ही एकावर एक बसवले.

मिशिगनकाठ
कॅनडा आला म्हटल्यावर अमेरिका यायलाच हवी.

इथे १९७२ला पर्टवीच्या कथा विकायला आणल्या, फारसं कुणी विचारलं नाही. १९७८ला चौथ्या डॉक्टरचे, टॉम बेकरचे भाग आले. लांब मफलर, कुरळे केस, विस्फारलेले डोळे. अमेरिकनांना गोष्ट कळणार नाही या भीतीने वितरकाने प्रत्येक भागाला निवेदकाचा आवाज जोडला, आधी काय झालं, पुढे काय होणार, सगळं उगाळून सांगायचं. त्यासाठी जागा हवी म्हणून मूळ भागातली मिनिटं कापली! टॉम बेकरचं बोलणं कापून त्याच्याबद्दल कुणीतरी बोलणार.

तरी मालिका चालली, ती सार्वजनिक वाहिन्यांवर. या वाहिन्या प्रेक्षकांच्या वर्गणीवर चालतात. मध्येच कार्यक्रम थांबवून 'फोन करा, वर्गणी द्या' असं आवाहन होतं आणि 'डॉक्टर हू'चे चाहते हटकून फोन करायचे. शिकागोची डब्ल्यूटीटीडब्ल्यू रविवारी रात्री उशिरा एकेका कथेचे सगळे भाग जोडून चित्रपटासारखे दाखवायची. विसाव्या वर्षाचा विशेष भाग 'द फाइव्ह डॉक्टर्स' इथे बरोबर २३ नोव्हेंबर १९८३ला लागला. ब्रिटनमध्ये २५ला. म्हणजे वाढदिवसाचा केक आम्ही दोन दिवस आधी खाल्ला.

याच वाहिनीवर २२ नोव्हेंबर १९८७च्या रात्री 'हॉरर ऑफ फँग रॉक' चालू असताना पडदा हलला आणि मॅक्स हेडरूम या तेव्हाच्या टीव्हीवरच्या काल्पनिक पात्राचा मुखवटा घातलेला एक इसम अवतरला. दीडेक मिनिट बरळला, माशा मारायच्या पट्टीने ढुंगणावर फटके खाल्ले आणि गायब. त्याआधी त्याच रात्री दुसऱ्या वाहिनीच्या बातम्यांतही घुसला होता. सरकारने चौकशी केली, कुणीही पकडलं गेलं नाही. आमचे शेजारी त्या रात्री मालिका रेकॉर्ड करत होते. ते सांगतात, पहिल्यांदा वाटलं कथेतलाच राक्षस आहे.

गोंधळी
टेप पुसायला बीबीसी, गोष्ट कापायला सेन्सॉर, उगाळून सांगायला निवेदक, वर माशा मारायची पट्टी. या डॉक्टरची पत्रिका दाखवा कुणीतरी.

मेलबर्नची मावशी
मिशिगनकाठ, दोन दिवसांचं काय घेऊन बसलात? 'सिल्व्हर नेमेसिस' ही कथा न्यूझीलंडने २५ नोव्हेंबर १९८८ला सलग दाखवून टाकली. ब्रिटनमध्ये तेव्हा तिचा पहिलाच भाग झाला होता, शेवट कळायला ७ डिसेंबर उजाडला. आणि १९९६चा टीव्ही चित्रपट आधी कॅनडात एडमंटनला, मग अमेरिकेत, मग दोन आठवड्यांनी ब्रिटनला.

ऑकलंडकर
मेव्हण्याचा वारसा चालू आहे. :D

माहीमचा हलवा
जरा अवांतर, पण मला फार महत्त्वाचं वाटतं. या मालिकेची पहिली कथा दिग्दर्शित कुणी केली? वारिस हुसेन. जन्म लखनौ, १९३८. कादंबरीकार अतिया हुसेन यांचा मुलगा. वय पंचविशीचं. निर्माती व्हेरिटी लँबर्ट, तीही तिशीच्या आतली. १९६३च्या बीबीसीत, जिथे सगळे साहेब टाय लावून पाइप ओढतायत, तिथे एक तरुण बाई आणि एक हिंदुस्तानी पोरगा यांना ही 'मुलांची मालिका' दिली. आज साठ वर्षांनी ती चालू आहे. २०१३ला या सुरुवातीच्या दिवसांवर टीव्ही चित्रपट आला त्यात हुसेनची भूमिका साशा धवनने केली होती, तोच पुढे २०२०ला डॉक्टरचा वैरी 'मास्टर' झाला.

हुसेनने दुसरीही एक कथा केली, 'मार्को पोलो', १९६४. सात भाग. राक्षस नाहीत, परग्रह नाही, पामीरपासून कुब्लाई खानाच्या दरबारापर्यंतचा प्रवास. फोटो बघा, काय वेशभूषा, काय नेपथ्य! सातही भाग गेले. एकाचीही रीळ नाही.

अवंती_टोरंटो
हलवासाहेब, तुम्ही नकळत धागाकर्त्याच्या मताला सुरुंग लावलात.

'मार्को पोलो' परदेशात भरपूर विकली गेलेली कथा आहे. आमच्याकडच्या त्या २६ भागांतही ती होती. निळीपेटीचं म्हणणं खरं असतं तर तिची एखादी प्रत कुठेतरी मिळायला हवी होती. उलट 'द डालेक्स मास्टर प्लॅन' बघा. बारा भागांची प्रचंड कथा, ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरने अडवली आणि परदेशात कुठेही दाखवली गेली नाही. तिचे दोन भाग १९८३ला लंडनमध्ये एका चर्चच्या तळघरात सापडले. २००४ला आणखी एक, बीबीसीच्याच जुन्या अभियंत्याने स्वतःकडे ठेवलेला. म्हणजे जगभर विकलेली गेली आणि कुठेही न विकलेली थोडी तरी उरली.

निळीपेटी
अवंती, मुद्दा जोरदार आहे, पण मत सोडत नाही. 'मास्टर प्लॅन'च्या फिल्म काढल्याच कशासाठी? परदेशात विकायला. गिऱ्हाईक मिळालं नाही ही वेगळी गोष्ट. विक्रीसाठी फिल्म काढायची पद्धत नसती तर टेप पुसली की विषय संपला असता. चर्चच्या तळघरातही काही मिळालं नसतं.

रीळवाला
निळीपेटी, एवढं मान्य. पण 'जपली' हा शब्द मला खटकतो. करारात लिहिलेलं असायचं: मुदत संपली की फिल्म परत पाठवा, सांगू त्या पुढच्या देशाला पाठवा, नाहीतर नष्ट करून तसं कळवा. म्हणजे सगळ्यांनी चोख काम केलं असतं तर आज काहीच नसतं. ज्यांनी काम टाळलं त्यांच्याकडे माल राहिला. हाँगकाँगमध्ये 'टूम ऑफ द सायबरमेन'चे चारही भाग १९९१च्या अखेरीस मिळाले, ते काय कुणी पूजेत ठेवले होते? कुठल्यातरी फडताळात मागे राहिले होते.

तिरशिंगराव
म्हणजे जगाचा सांस्कृतिक ठेवा हा कामचुकार कारकुनांनी वाचवला. हे वाक्य मी फ्रेम करून ऑफिसात लावणार आहे.

दर्शना_जोस
नमस्कार, इतके दिवस वाचनमात्र होते. हा धागा बघून राहवलं नाही.

आयडीतलं जोस म्हणजे नायजेरियातलं जोस. आईबाबा दोघंही शिक्षक, ऐंशीच्या आसपास भारतातून बरीच शिक्षक मंडळी तिकडे गेली त्यातले. माझं लहानपण तिथलं. जोस पठारावर आहे, त्यामुळे नायजेरिया म्हटल्यावर जो दमट उकाडा डोळ्यांसमोर येतो तसं तिथे नाही. डिसेंबर-जानेवारीत सहारातून हरमटन वारा सुटतो. सकाळी टेबल पुसलं की दुपारी बोटाने नाव लिहिता येईल एवढी पिठासारखी बारीक धूळ. ओठ फुटायचे, दाराच्या फळ्या आकसायच्या. आई लोणच्याच्या बरणीला दोन फडकी बांधायची.

फिलिप मॉरिस नावाच्या माणसाने जोसच्या टीव्ही केंद्राच्या खोलीत ते नऊ भाग शोधले. त्याने सांगितलंय की डब्यावरच्या चिकटपट्टीवरची धूळ पुसली तेव्हा मालिकेचं नाव दिसलं. ते वाचलं आणि मला ती धूळ नाकात जाणवली. 'एनिमी ऑफ द वर्ल्ड'चे पाच, 'वेब ऑफ फिअर'चे चार. ऑक्टोबर २०१३ला जाहीर झालं आणि लगेच विकतही मिळू लागले. 'वेब ऑफ फिअर'चा तिसरा भाग मात्र नाही. मॉरिसचं म्हणणं, पहिल्यांदा पाहिला तेव्हा तोही तिथे होता, नंतर मधल्या काळात नाहीसा झाला.

रीळवाला काकांना एकच सांगायचं आहे. कामचुकार म्हणा, पण त्या खोलीला कुलूप लावणारा, किल्ली सांभाळणारा कुणीतरी होता. आमच्या घराजवळच्या सरकारी ऑफिसात रोज सकाळी एक म्हातारे गृहस्थ यायचे आणि कधी कुणी न मागितलेल्या फायलींवरची धूळ झटकायचे. तशी माणसं होती तिथे.

मंजुळा
दर्शना, स्वागत. आणि लिहीत राहा, वाचनमात्र राहू नका.

रीळवाला
दर्शनाताई, मान्य. कोरडी हवाही मदतीला आली असणार. ॲसिटेट फिल्मला दमटपणा लागला की ती आंबते, डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास भपकन येतो आणि रीळ सुकल्या पापडासारखी वाकते. मुंबईत हा वास फार घेतलाय.

चौकस चिंतू
आपण बीबीसीला नावं ठेवतोय, पण आपल्याकडचं काय? 'आलम आरा', १९३१, भारताचा पहिला बोलपट, एकही प्रत नाही.

माहीमचा हलवा
चिंतू, बरोबर. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ला सुरू झालं, पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळं जमवली म्हणून फाळक्यांचं थोडंफार तरी बघायला मिळतं. आणि या धाग्याशी जुळणारं उदाहरण हवं तर 'बिल्वमंगल', १९१९. भारतात हरवलेला मूकपट. पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट संग्रहालयात त्याचा काही भाग मिळाला आणि २०१६ला त्याची प्रत पुण्यात आली. बदल्यात आपण त्यांना 'जमाई बाबू' या जुन्या मूकपटाची प्रत दिली.

तिरशिंगराव
साटंलोटं. जावई देऊन बिल्वमंगल आणला.

गोंधळी
_/\_

शेवटचा बाक
थोडं वेगळं मत. हरवलेल्या भागांभोवती जरा जास्तच भक्तिभाव जमलाय. 'टूम ऑफ द सायबरमेन' सापडायच्या आधी ती सर्वोत्तम कथा म्हणून प्रसिद्ध होती. कॅसेट आल्यावर बघितली तर कथा चांगली, पण सायबरमॅनच्या (मालिकेतल्या यंत्रमानवाच्या) जागी कापडाचा बाहुला फेकलेला दिसतो, दोऱ्या दिसतात. आठवणीत सगळंच भव्य असतं. 'मार्को पोलो' सापडली तरी असंच होईल.

माहीमचा हलवा
दोऱ्या दिसल्या तरी चालतील, आधी सापडू द्या.

अवंती_टोरंटो
शेवटचा बाक, उलटही झालंय की. 'एनिमी ऑफ द वर्ल्ड'चा एकच भाग, तिसरा, आधी उपलब्ध होता. सगळे म्हणायचे कंटाळवाणी कथा. बाकीचे पाच मिळाल्यावर कळलं, नेमका सगळ्यात रटाळ भाग तेवढा उरला होता. पॅट्रिक ट्रॉटनने डॉक्टर आणि हुकूमशहा अशा दोन्ही भूमिका काय झकास केल्यात!

चौकस चिंतू
आजच्या काळात हा प्रश्नच मिटला ना? २३ नोव्हेंबर २०१३चा पन्नाशीचा भाग ९४ देशांत एकाच वेळी दाखवला, गिनीज विक्रम झाला. मेव्हणा बेकार.

ऑकलंडकर
मेव्हणा बेकार होत नसतो. २००५ला मालिका परत आली तेव्हा पहिला भाग प्रक्षेपणाच्या काही आठवडे आधीच इंटरनेटवर फुटला होता आणि त्याचा माग कॅनडात लागला.

अवंती_टोरंटो
आम्ही फक्त सेवा देतो.

मंजुळा
एकाच वेळी दिसलं म्हणजे टिकलं असं नाही, चिंतू. २०२३पासून ब्रिटन-आयर्लंड सोडून बाकी जगात मालिका डिझ्नी प्लसकडे गेली, २०२५ला तो करार पुढे चालवायचा नाही असं ठरलं. तेव्हा निदान प्रत्येक देशात एक डबा यायचा. आता एकाच ठिकाणाहून सगळ्यांना दिसतं आणि तिथून काढलं की सगळ्यांचं एकदम जातं. जोसच्या खोलीत ठेवायला उरणार काय?

रीळवाला
मंजुळाबाईंशी सहमत. डबा हातात असणं वेगळं. निळीपेटीला त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी असं देईन: विक्रीमुळे प्रती वाढल्या, त्या अनेक हातांत गेल्या, म्हणून काही चुकून राहिल्या. विक्रीविभागाचा हेतू पैसा होता, जपणूक नव्हे, आणि त्याच विभागाने पुढे स्वतःकडच्या प्रती फेकल्या हे विसरू नका.

निळीपेटी
हेतूचं श्रेय मी त्यांना देतच नाहीये काका, परिणामाचं देतोय. बाकी सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा फारच पळाला.

नवखा_नंदन
सगळं वाचलं. मी एकही भाग पाहिलेला नाही. सुरुवात कुठून करू? जुनं बघू की नवं?

शेवटचा बाक
नवं. २००५पासून. जुन्याला धीर लागतो.

दर्शना_जोस
'वेब ऑफ फिअर'. लंडनच्या भुयारी रेल्वेत यंत्र-यती शिरतात. तिसरा भाग ॲनिमेशनवर भागवा.

माहीमचा हलवा
नवं बघणार असशील तर २०१८चा 'डीमन्स ऑफ द पंजाब' चुकवू नकोस. विनय पटेलने लिहिलाय. फाळणीच्या वेळचं एक लग्न, आणि परग्रहवासी असूनही खरे राक्षस शेजारपाजारचेच.

तिरशिंगराव
मी 'मार्को पोलो'चे सातही भाग नुसते ऐकायला बसतोय. डोळ्यांना काम नाही, तोपर्यंत भाजी निवडून होईल.